सात मणी

बसा. खुर्ची, सतरंजी, पलंगाची कड, जिथे पाठीला टेकू मिळेल तिथे. फोन पालथा घाला. दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवा, तळवे वर. त्यांत मी एकेक वस्तू ठेवत जाणार आहे. आधी एक कागद.

मी अंबरनाथला राहते, मोरिवली एमआयडीसीच्या अंगाला. संध्याकाळची पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरतो, आणि वारा फिरला की खिडकीतून वास येतो. कधी नेलपॉलिशसारखा, कधी जळक्या साखरेसारखा. इथले जुने लोक वासावरून वार ओळखतात म्हणे. थट्टाच ती, पण अगदीच खोटी नाही. याच वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलला मी बावीस वर्षं काढली. अँटिबायोटिकच्या गोळ्या तोलायच्या, विरघळवायच्या, आकडे रजिस्टरला चढवायचे. निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच वर्षी आईचा कल्चर रिपोर्ट हातात आला.

तोच कागद तुमच्या डाव्या तळव्यावर ठेवते.

सावकाश वाचा. वर लिहिलं आहे : नमुना लघवीचा, वाढ झालेला जीवाणू क्लेब्सिएला न्यूमोनी. खाली दोन रकाने. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. एस असेल तर जीवाणू त्या औषधाला दाद देतो. आर असेल तर देत नाही. सेफ्ट्रिॲक्झोन, आर. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, आर. मेरोपेनेम, आर. खाली खाली जात राहा. माझ्या रजिस्टरमधली ओळखीची नावं एकामागून एक आर होत जातात. तळाशी दोनच एस. डॉक्टर म्हणाले, हायर इंजेक्शन लागेल, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल.

आई दहा दिवसांनी घरी आली. म्हणजे ही गोष्ट रडायची नाही. तरी त्या आरवर थोडा वेळ थांबा. पुढच्या औषधाकडे पळायची घाई करू नका.

शेजारणी म्हणाल्या, “तिच्या अंगाला गोळ्यांची सवय झाली असेल.” आपण सगळेच असं म्हणतो, आणि ते चुकीचं आहे. अंगाला सवय झालेली नसते. आर हे अक्षर आईबद्दल काही सांगतच नाही, ते तिच्यात शिरलेल्या जीवाणूबद्दल सांगतं. त्या जीवाणूनं गोळीची ओळख कुठे तरी दुसरीकडेच करून घेतलेली असते : दुसऱ्याच्या पोटात, दवाखान्याच्या खाटेवर, गटारात, कोंबड्यांच्या खुराड्यात. बरं, ती ओळख तो स्वतःपाशी ठेवत नाही. प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं कडं असतं, ते शेजारच्या जीवाणूला देता येतं. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालतं. वर्गात चिठ्ठी फिरते तसं ते फिरतं.

मुंबईत ही चिठ्ठी किती फिरली आहे ते २०१० साली कळलं. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमधले २४ नमुने तपासले. कार्बापेनेम गटातल्या औषधांना, म्हणजे तेव्हाच्या जवळजवळ शेवटच्या हत्यारांना न जुमानणारे जीवाणू होते ते. त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे विकर बनवणारं जनुक सापडलं. हे विकर औषधाच्या रेणूचं कडं फोडतं. पुढे या विकराला दिल्लीचं नाव देण्यावरून वर्तमानपत्रांत भांडण झालं. २२ हा आकडा त्या गोंगाटात मागे पडला.

आता श्वास सोडा. कागद डाव्या हातातच राहू द्या.

उजव्या तळव्यावर तांदळाचा एक दाणा ठेवते. लांबी साधारण सहा मिलिमीटर. आमच्या शिवमंदिरात तुम्ही गेला असाल तर आठवेल, गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, वीसेक तरी असतील. शिलाहारांनी शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० ला बांधलेलं देऊळ, आणि गाभारा जमिनीखाली, वर आभाळाला उघडा. तशाच पायऱ्या आपण उतरायच्या आहेत, पण सहाच. प्रत्येक पायरीवर वस्तू दहापट लहान होईल.

पहिली पायरी. दाण्याचा रवा झाला. दुसरी. रव्याच्या कणाऐवजी केसाची जाडी. तिसरी. रक्तातली एक लाल पेशी. इथे क्षणभर थांबा, कारण डोळ्यांनी दिसण्याजोगं आता काही उरलेलं नाही. चौथ्या पायरीवर आईचा क्लेब्सिएला भेटतो. आखूड, जाडसर काडी, भोवती बुळबुळीत साखरेचं कवच. त्या कवचाचे सत्तरहून अधिक प्रकार आहेत, म्हणून एकाची ओळख दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. पाचव्या पायरीवर विषाणूंचं माप येतं, तिथे आपलं काम नाही. सहाव्या पायरीवर प्रथिनाचा एक रेणू. जीवाणूच्या अंगाखांद्यावर, आत, बाहेर अशी प्रथिनं असतात. क्लेब्सिएलाच्या जनुकसंचात सुमारे पाच हजार प्रथिनांचे आराखडे लिहिलेले आहेत.

पाच हजार. हा आकडा लक्षात ठेवा. मग डावा हात उचलून उजव्या दंडाला लावा, नंतर उजवा डाव्या दंडाला. कुठे तरी एक खळगा लागेल. बीसीजीचा असेल. आईच्या दंडावर देवीचा मोठा डाग होता, रुपयाएवढा. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत झोपायचे.

तो खळगा म्हणजे एक आठवण आहे. शरीराला एकदा कुणी तरी काही तरी दाखवलं, शरीरानं ते ठेवून घेतलं. लसीची गोष्ट एवढीच आहे : दाखवणं. गोळी लढते. लस फक्त दाखवते, तेही लढाई लागण्याआधी. आणि हा आधीपणाच इथे कामाचा. गोळी पोचते तेव्हा जीवाणू अब्जांनी झालेले असतात, आणि अब्जांत एखादा तरी चिठ्ठीवाला निघतोच. गोळी बाकीच्यांना मारते, त्याला मोकळं रान मिळतं. लस टोचलेल्या अंगात जीवाणू मूठभर असतानाच ओळखला जातो. गोळीची वेळच येत नाही, आणि न घेतलेल्या गोळीमुळे कुणाचा आर होत नाही.

मग प्रश्न राहतो, दाखवायचं काय?

इथून परळला लोकल जाते. तिथे हाफकिन संस्था आहे. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले ते प्लेगच्या साथीत, १८९६ साली. त्यांनी मांसाच्या रश्शात प्लेगचे जीवाणू वाढवले, आणि वरून तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांच्या खालून जीवाणू झुंबरासारखे लोंबत वाढायचे. मग ते तापवून मारायचे आणि टोचायचे. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्यांनी शरीराला अख्खा जीवाणू दाखवला, मेलेला पण सगळाच्या सगळा. निवड काही केली नाही. ताप येई, दंड सुजे, पण प्राण वाचत. तेव्हा तेवढंच शक्य होतं, आणि कमी धैर्याचं नव्हतं.

आज पाच हजारांतून निवडता येतं. निवडायचं म्हणजे काय, ते मला आईकडे बघून कळलं. विज्ञानाच्या पुस्तकातून नव्हे.

दुपारी जेवणं झाली की ती सूप घेऊन बसायची. तांदळाला ती तीन वेगळी कामं करायची आणि तिन्हींना वेगळे शब्द होते. पाखडायचं, म्हणजे हलकं ते उडून जाईल. चाळायचं, म्हणजे मापात न बसणारं खाली पडेल. आणि निवडायचं, म्हणजे उरलेल्या प्रत्येक दाण्याकडे एकदा बघायचं. पहिली दोन कामं हाताची. तिसरं डोळ्यांचं, आणि तिथे घाई चालत नाही.

पाच हजार प्रथिनं सुपात घ्या. आधी पाखडा. जी प्रथिनं माणसाच्या प्रथिनांसारखी दिसतात ती उडवा, नाही तर शरीर स्वतःवरच धावून जाईल. जी एका क्लेब्सिएलात आहेत आणि शंभरांत नाहीत, तीही उडवा. संगणक हे काम हजारो जनुकसंच शेजारी मांडून करतो. मोरिवलीतल्या माझ्या जुन्या साहेबांना हिशेबाला लागायचा त्याहून कमी वेळात. आता चाळा. जी प्रथिनं पेशीच्या आत दडलेली, ती प्रतिपिंडांना दिसणारच नाहीत. ती खाली पडू द्या. वर उरतात बाहेरच्या पापुद्र्यातली, अंगावर मिरवणारी. सुपात आता फार थोडे दाणे आहेत.

इथवर यंत्र तरबेज आहे. आता निवडायचं. एका प्रथिनातला नेमका कोणता तुकडा शरीराच्या नजरेत भरेल? याचं एक उत्तर पुण्यात निघालं, आणि ते इतकं साधं आहे की आपण ते आत्ता बसल्या जागी करू शकतो.

डाव्या हातातला कागद खाली ठेवा. उजव्या हातात एक माळ घ्या.

प्रथिन म्हणजे माळच. मणी वीस प्रकारचे, त्यांना ॲमिनो आम्लं म्हणतात. १९९० च्या डिसेंबरात ‘फेब्स लेटर्स’ या नियतकालिकात पुणे विद्यापीठाच्या बायोइन्फॉर्मेटिक्स केंद्रातून अशोक कोळसकर आणि प्रसाद टोणगावकर यांचा तीन पानांचा निबंध छापून आला. त्यांनी ३४ प्रथिनांमधले १५६ तुकडे गोळा केले, ज्यांना प्रतिपिंडं चिकटतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं होतं. मग मोजलं, की या तुकड्यांत कोणता मणी किती वेळा येतो, आणि एरवी पृष्ठभागावर किती वेळा येतो. त्यातून प्रत्येक मण्याला एक आकडा मिळाला. एकच्या वर असेल तर तो मणी नजरेत भरणारा, एकच्या खाली असेल तर नजरेआड होणारा.

सगळ्यांत मोठा आकडा सिस्टीनचा, १.४१२. मग व्हॅलीन १.३८३, ल्यूसीन १.२५०. सगळ्यांत लहान ॲस्परॅजिनचा, ०.७७६.

या तीन मोठ्यांवर जरा रेंगाळू या. सिस्टीन, व्हॅलीन, ल्यूसीन हे पाण्याला बिचकणारे मणी. प्रथिनाची घडी पडताना ते आत लपतात, ही त्यांची रीत. पण कधी तरी एखादा बाहेरच राहून जातो, पृष्ठभागावर, सगळ्यांसमोर. या निबंधाचं म्हणणं असं, की शरीराची नजर नेमकी त्याच्यावर जाते. घरातला माणूस अंगणात उभा राहिला की शेजारी लगेच ओळखतात, तसं असावं. उपमा माझी आहे, त्यांच्या निबंधात फक्त तक्ते आहेत.

आता जप सुरू करा. सात मणी बोटांत घ्या, फक्त सात : व्हॅलीन, ल्यूसीन, सिस्टीन, ॲलॅनीन, सेरीन, ल्यूसीन, व्हॅलीन. त्यांचे आकडे मिळवा. १.३८३, १.२५०, १.४१२, १.०६४, १.०१२, १.२५०, १.३८३. बेरीज ८.७५४. सातानं भागा. १.२५. हा आकडा मधल्या मण्याच्या नावावर लिहा.

एक मणी पुढे सरका. मागचा व्हॅलीन सुटला, पुढचा ॲस्परॅजिन आत आला. सरासरी १.१६.

पुन्हा एक मणी. ल्यूसीन सुटला, ग्लायसीन आला. १.११.

पुन्हा. सिस्टीन सुटला, ॲस्पार्टिक आम्ल आलं. १.०३.

पुन्हा. ॲलॅनीन गेला, लायसीन आला. १.०१.

पुन्हा. सेरीन गेला, आणखी एक ॲस्परॅजिन आला. ०.९८.

एकच्या खाली गेलो. नजरेत भरणारे मणी मागे राहिले.

पद्धत एवढीच. अख्ख्या माळेची सरासरी एकच्या वर असेल तर एकच्या वरचे मणी धरायचे. नसेल तर त्या माळेच्या सरासरीच्या वरचे. आणि असे सहा तरी सलग आले तर तो तुकडा निवडायचा. पाटीवर होईल असं गणित. मी पहिल्यांदा हे कागदावर करून पाहिलं तेव्हा बावीस वर्षं सरासऱ्या काढल्याचा पहिल्यांदाच अभिमान वाटला. कोळसकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण जगातल्या कुठल्याही कोपऱ्यात कुणी लसीचा आराखडा संगणकावर मांडायला घेतं, तेव्हा पुष्कळदा त्याच्या पडद्यावर ही दोन मराठी आडनावं रोमन लिपीत उमटतात, आणि तिथल्या मुलांना त्यांचा उच्चारही जमत नसेल.

माळ हातातच राहू द्या. आता शंका घ्यायची आहे, आणि मननात शंका घेताना आवाज चढवायचा नसतो.

पद्धतीची अचूकता सुमारे ७५ टक्के, असं तीन पानांच्या त्या निबंधातच लिहिलेलं आहे. म्हणजे चारांतला एक दाणा खडा निघणार हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं. पुढे २००५ साली इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी मण्यांना आकडे देणाऱ्या जवळजवळ पाचशे तक्त्यांची परीक्षा घेतली. निकाल कडू होता. उत्तमातले उत्तम तक्तेसुद्धा नाणेफेकीहून थोडेसेच बरे ठरले.

असं का? माळेकडे पुन्हा बघा. आपण ती सरळ ताणून धरली होती. आता ती मुठीत चुरगळा. पहिला मणी चाळिसाव्याला जाऊन टेकला, बारावा सत्तराव्याला. प्रतिपिंड येतं ते या चुरगळलेल्या गोळ्यापाशी. त्याला शेजारी दिसतात ते मण्यांच्या क्रमातले शेजारी नव्हेत, घडीनं शेजारी झालेले. प्रतिपिंडं ओळखतात त्या बहुतेक खुणा अशाच असतात, विखुरलेल्या मण्यांच्या. सात मण्यांच्या जपाला त्या दिसत नाहीत.

मला आवडतं ते हे, की त्याच २००५ साली पुण्याच्या त्याच केंद्रानं, ऊर्मिला कुलकर्णी-काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोळसकरांसह, घडी पडलेल्या प्रथिनावरच्या अशा विखुरलेल्या खुणा शोधणारा सर्व्हर सगळ्यांना खुला करून दिला. आपल्याच जुन्या निबंधाला उणं ठरवायला ते बसले नव्हते. सुपात जे दिसलं नाही ते बघायला दुसरी चाळण घेऊन बसले होते.

अजून एक घडी आहे, ती आपल्यातली. प्रतिपिंडं ही शरीराची एक नजर. दुसरी नजर टी पेशींची. त्यांना अख्खं प्रथिन दिसत नाही. आपल्या पेशी त्याचे तुकडे करतात, साधारण नऊ मण्यांचा एक तुकडा एचएलए नावाच्या खोबणीत बसवतात आणि दारात धरतात. ही खोबण माणसागणिक वेगळी. आमच्या परिसराचा विचार करा : उल्हासनगरच्या कॅम्पात फाळणीनंतर सिंधमधून आलेली घरं, अंबरनाथच्या चाळींत कोकण, घाट, आंध्र, उत्तर प्रदेश, आणि मोरिवलीच्या गेटवर रोज सकाळी हे सगळे एका रांगेत. एकाच्या खोबणीत बसणारे नऊ मणी दुसऱ्याच्या खोबणीत बसतीलच असं नाही. म्हणून लसीचा आराखडा मांडणारे संगणकाला विचारतात, की हे तुकडे मिळून कुठल्या लोकसंख्येतल्या किती जणांना पुरतील. हा प्रश्न मला सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यांत सभ्य प्रश्न वाटतो.

आता जरा कठोर बोलते. निवडलेले तुकडे दुव्यांनी जोडायचे, संगणकाच्या पडद्यावर ती माळ एखाद्या ग्राही रेणूला चिकटवून दाखवायची, रंगीत चित्र काढायचं आणि निबंध छापायचा, असा एक कारखाना गेल्या काही वर्षांत उभा राहिला आहे. बघावा तो जीवाणू घेऊन असे निबंध निघतात. त्यांतले फार थोडे परीक्षानळीपर्यंत पोचतात, उंदरापर्यंत त्याहून थोडे. आम्ही क्यूसीला असताना म्हणायचो, रजिस्टर सुंदर आहे म्हणून बॅच पास होत नाही.

आणि नळीतून, उंदरातून पार झालेलंसुद्धा माणसात पडू शकतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूविरुद्ध एकाच प्रथिनावर बेतलेली एक लस प्राण्यांत चांगली चालली होती. हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी सुमारे आठ हजार रुग्णांवर तिची चाचणी सुरू झाली आणि २०११ साली थांबवावी लागली. फायदा तर दिसलाच नाही, उलट लस घेऊन नंतर ज्यांना हाच संसर्ग झाला त्यांच्यात मृत्यू जास्त आढळले. हे वाचल्यावर मी दोन दिवस पुढे वाचलं नाही. तुम्हीही इथे हवं तर डोळे मिटून घ्या.

पुन्हा उघडा. सूप अगदीच वाया गेलेलं नाही.

२००० साली इटलीत रिनो रापुओली यांच्या गटानं मेनिंजायटिसच्या बी प्रकारच्या जीवाणूचा अख्खा जनुकसंच हाती घेतला आणि संगणकानं साडेपाचशेहून जास्त प्रथिनं सुपात काढून दिली. त्यांतली ३५० प्रयोगशाळेत बनवून उंदरांना टोचली. ३५०! एकेक दाणा बघणं म्हणजे हे. त्यातून शेवटी तीन मुख्य प्रथिनं उरली. जोडीला न्यूझीलंडच्या जुन्या लसीतला जीवाणूचा पापुद्रा घेतला, आणि जानेवारी २०१३ मध्ये युरोपनं त्या लसीला मान्यता दिली. निबंधापासून दंडापर्यंत तेरा वर्षं. संगणकानं किती वर्षं वाचवली याचा अंदाज येतो, कारण जुन्या वाटेनं या जीवाणूवर चार दशकं कुणाला सर्वसाधारण लस जमली नव्हती.

आमच्या डोंगरापलीकडे आणखी एक गोष्ट घडली. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबई महानगरपालिकेनं टायफॉइडची कॉन्जुगेट लस नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या १,१३,४२० मुलांना दिली. सरकारी कार्यक्रमात ही लस देणारी देशातली ती पहिलीच जागा. ती लस काही संगणकानं निवडलेली नव्हती. तिच्यात जीवाणूच्या कवचातली साखर आहे, धनुर्वाताच्या निर्विष प्रथिनाला जोडलेली. पण तिची निकड काय, ते सिंधमधल्या हैदराबादनं दाखवलं. तिथे २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की तोंडानं घ्यायचं जवळजवळ एकच औषध उरलं. उल्हासनगरातल्या कित्येक घरांचं मूळ गाव ज्या सिंधमध्ये, तिथे २०१९ मध्ये हीच लस मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात आली. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे मुलांच्या दंडात एकच वस्तू गेली, हे मला मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बघायला आवडतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली हिशेब मांडला, की असलेल्या आणि येऊ घातलेल्या लसी नीट वापरल्या तर जगातला अँटिबायोटिकचा वापर २२ टक्क्यांनी घटू शकतो. मी तोललेल्या गोळ्यांतली पाचातली एक. मशीन धुतल्यावर नाल्याकडे जाणारं पाणीही तेवढंच कमी. त्या पाण्याचा रंग मी पाहिलेला आहे. त्याबद्दल तेव्हा काही बोलले नाही, आता बोलून बसले.

शेवटची वस्तू. माळ खाली ठेवा, दोन्ही तळवे जोडून ओंजळ करा. तिच्यात एक नवजात बाळ आहे असं समजा. दोन किलोचं, तीन दिवसांचं. रक्तात जंतुसंसर्ग, रिपोर्ट यायला दोन दिवस, आणि जीवाणू तोच, आईच्या कागदावरचा. आई म्हणायची, जात्यातले रडतात, सुपातले हसतात. या बाळाला सुपात बसायलाही वेळ मिळालेला नाही. त्याला टोचून उपयोग नाही, त्याची आठवण तयार व्हायला महिने लागतील. म्हणून विचार चालला आहे तो गर्भार बाईला टोचायचा. तिची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, आणि बाळ आठवण घेऊनच जन्माला येतं, दुसऱ्याची. २०२३ साली एका गटानं संगणकावर हिशेब केला : क्लेब्सिएलावर ७० टक्के परिणामकारक अशी लस गरोदर स्त्रियांना मिळाली, तर जगात वर्षाला सुमारे ८० हजार नवजात मृत्यू टळू शकतील. त्या लसीत कवचाची साखर असावी की प्रथिनांचे तुकडे, सत्तरांपैकी कोणती कवचं घ्यावीत, याची निवड अजून चालू आहे. पुण्यातल्या तीन पानांचा तिच्यात किती वाटा असेल, मला सांगता येणार नाही.

ओंजळ सोडू नका लगेच. वजन जाणवतं का बघा.

आता सोडा. कागदाची घडी घालून तो फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी दवाखान्यात लागेल, डॉक्टर मागतात. नवजात बाळांना क्लेब्सिएलापासून वाचवणारी मान्यता मिळालेली लस आज जगात कुठेही नाही. उठताना सावकाश उठा. मांडी घालून बसला असाल तर पायाला मुंग्या आल्या असतील.